कोळसा नेलात, पाण्याचा हिशेब द्या

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी या पट्ट्यात कोळसा काढायचा म्हणजे आधी पाणी काढावं लागतं. खुली खाण जसजशी खोल जाते, तसतसं चारही बाजूंनी पाझरणारं भूजल तळाशी जमतं. पावसाळ्यात त्यात वरच्या पाण्याची भर पडते. खाणीत या जागेला सम्प म्हणतात. तिथे दिवसरात्र पंप चालतात. ते पाणी वर येतं, टाक्यात थोडा वेळ थांबतं, मग नाल्यात जातं आणि नाल्यातून इरई, निर्गुडा, वर्धा, पैनगंगा यांपैकी जी नदी जवळ असेल तिच्यात मिसळतं. भूमिगत खाणीत पंप थांबवणं तर शक्यच नसतं, कारण तिथे पाण्याशी थेट माणसांच्या जिवाची गाठ असते.

या पाण्यावर प्रक्रिया होते का, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असतं: होते, आणि ते मानकांत बसतं. ठराविक कागदांवर ते बसतंही. म्हणून माझं भांडण त्या मानकाशी आहे. आपण खाणीच्या पाण्याची स्वच्छता ज्या मोजपट्टीने मोजतो ती अपुरी आहे, त्या पाण्याचा मालक कोण हे आपण चुकीचं ठरवलं आहे, आणि खाण बंद झाल्यावर त्या पाण्याचं काय करायचं याचा खर्च कुठेच धरलेला नाही. कोळशाच्या भावात या तिन्ही गोष्टी मोजल्या जात नाहीत, तोवर आपण स्वस्त वीज वापरत नसून नदीकाठच्या गावांकडून उधार वीज घेत आहोत.

आधी मोजपट्टी बघू. कोळसा खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी केंद्राने सप्टेंबर 2000 मध्ये वेगळी मानकं ठरवली. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे याचं माप) 5.5 ते 9 च्या दरम्यान हवा. तरंगणारा गाळ लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत, आणि पाणी शेतीला सोडायचं असेल तर 200 पर्यंत चालेल. तेल-ग्रीस 10 मिलिग्रॅम, रासायनिक ऑक्सिजन मागणी 250, नायट्रेटमधला नायट्रोजन 10. ही यादी कोळसा खाणीत दिसणाऱ्या गोष्टींसाठी बरोबर आहे. कोळशाची भुकटी असतेच, डंपर आणि शॉव्हेल यांचं तेल सांडतं, आणि सुरुंगाच्या स्फोटकांत अमोनियम नायट्रेट असल्यामुळे नायट्रेट पाण्यात उतरतं. पण या मूळ यादीत विरघळलेल्या क्षारांना मर्यादा नाही. सल्फेटला नाही, कठीणपणाला नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतीपत्रात जास्त कडक अट घालू शकतं. म्हणजे आमच्या विहिरींची सुरक्षा एखाद्या संमतीपत्रातल्या ओळीवर अवलंबून राहते, जी गावात कोणी वाचलेली नसते.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रसायनाची आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. कोळशाच्या थरात आणि त्याच्या वरच्या-खालच्या शेल या चिकणमातीच्या खडकामध्ये पायराइट नावाचं लोह आणि गंधकाचं खनिज असतं. ते जमिनीत कोट्यवधी वर्षं हवेपासून दूर पडून होतं. खाण उघडली की त्याला प्राणवायू आणि पाणी दोन्ही मिळतं आणि त्यातून गंधकाम्ल तयार होतं. ईशान्येत कोळशात गंधक भरपूर आहे, म्हणून तिथे हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. मेघालयाच्या जयंतिया टेकड्यांतली लुखा नदी हिवाळ्यात निळी होते, ओढ्यांतले मासे संपले. कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रसामग्री आम्लधर्मी पाण्याने गंजली. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2014 मध्ये मेघालयातल्या उंदरांच्या बिळांसारख्या खाणींवर बंदी घातली, पण सोडून दिलेल्या हजारो बिळांतून पाणी झिरपणं कुठल्या आदेशाने थांबत नाही.

आपल्या वर्धा खोऱ्याचा कोळसा गोंडवन काळातला, गंधक कमी. त्यामुळे इथले अधिकारी म्हणतात की आपल्याकडे आम्लाचा प्रश्न नाही. बहुतांश ठिकाणी पाण्याचा सामू सात-आठच्या आसपासच असतो, हेही खरं. पण आम्ल तयार झालंच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. इथल्या खडकांतली कार्बोनेटं ते आम्ल जागच्या जागी मारतात. आम्ल मरतं आणि त्याच्या जागी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट पाण्यात राहतात. सामू मोजणारा निघून जातो, कारण आकडा चांगला आला. गाळ मोजणाराही समाधानी असतो, कारण टाक्यात गाळ तळाशी बसला. पाणी नितळ दिसतं. ते वापरणाऱ्या घरात मात्र डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे थर चढतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत. सल्फेट 200, अगदीच नाइलाज असेल तर 400. गाळ बसवण्याचा टाका यातला एकही आकडा खाली आणत नाही. त्याचं ते कामच नाही.

शेतीचंही तसंच. पाणी शेतीला सोडायचं असेल तर गाळाची मर्यादा दुप्पट करणारा नियम कोणी कापूस पिकवणाऱ्याला विचारून केलेला दिसत नाही. कोळशाची बारीक भुकटी मातीवर पापुद्रा धरते. आणि आमच्या काळ्या मातीला क्षारांची भीती दुसऱ्या कुठल्याही मातीपेक्षा जास्त. सोडियम वाढलं की ती चिकणमाती फुगते, छिद्रं बुजतात, पाणी आत मुरत नाही. आधी दोन-चार वर्षं पीक बरं येतं, कारण उन्हाळ्यात पाणी मिळालेलं असतं. नंतर जमीन दगडासारखी होते आणि शेतकऱ्याला सांगितलं जातं की त्याने खत चुकीचं टाकलं.

आता मालकीचा प्रश्न. चंद्रपूर-वणी भागात कोळशाचे थर बराकर खडकात आहेत आणि त्यांच्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. नागपूरजवळच्या कामठीवरून नाव पडलेला हा वालुकाश्म या भागातला भूजलाचा सगळ्यात चांगला साठा आहे. गावच्या विहिरी, बोअर, हातपंप यावरच चालतात. खुली खाण नेमका हाच थर कापून खाली जाते. कापलेल्या थरातून पाणी खाणीत उतरतं, पंप ते बाहेर फेकतो, आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. मग तेच पाणी पाइपातून गावाला परत येतं आणि त्याला सामाजिक जबाबदारी असं नाव मिळतं. उद्घाटनाची फीत कापली जाते. कोळसा मंत्रालय आणि कोल इंडिया खाणीचं पाणी गावांना दिल्याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करतात. वेकोलिने, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीने, नागपूरजवळच्या पाटणसावंगी खाणीतलं पाणी शुद्ध करून कोल नीर या नावाने बाटल्यांत भरलं. तांत्रिकदृष्ट्या हे काम चांगलंच आहे. खाणीचं पाणी पिण्यायोग्य करता येतं हे त्याने सिद्ध केलं. पण जे पाटणसावंगीत जमतं ते बाकीच्या खाणींच्या नाल्यांवर का नाही, हा प्रश्नही त्या बाटलीनेच उभा केला आहे. आणि जे पाणी मुळात गावाच्या विहिरीतलं होतं, ते परत देणं हे देणं फेडणं आहे. दान म्हणून त्याची नोंद व्हायला नको. विहीर आटल्याची भरपाई आणि पाण्याचा पुरवठा हे खाणपट्ट्याच्या अटींत यायला हवेत. कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या रंगीत पानावर ते शोभत नाहीत.

प्रक्रिया म्हणजे नेमकं काय करायला हवं, यात गूढ काही नाही. मातीच्या ढिगाऱ्यांभोवती चर खणून त्यांचं पावसाचं पाणी वेगळं ठेवायचं, म्हणजे स्वच्छ पाणी घाण पाण्यात मिसळून सगळंच घाण होत नाही. वर्कशॉपच्या पाण्यातलं तेल तिथल्या तिथे अडवायचं. गाळासाठी पुरेसे मोठे टाके ठेवायचे आणि ते पावसाळ्याआधी खरोखर उपसायचे. भरलेल्या टाक्यातून पाणी जसं आलं तसं निघून जातं. लोह असलेल्या पाण्याला हवा देऊन पाणकणसाच्या दलदलीतून संथ फिरवलं की लोह तिथे बसतं. इंग्लंड-वेल्सच्या जुन्या खाणपट्ट्यांत अशा दलदली वर्षानुवर्षं काम करत आहेत. इथवर खर्च फार नाही. खर्च लागतो तो विरघळलेल्या क्षारांना.

क्षार काढायला आरओ, म्हणजे दाबाने पाणी पडद्यातून गाळणारं यंत्र, लागतं, आणि आरओबद्दल आपल्याकडे एक गोष्ट कोणी बोलत नाही. पडद्यापलीकडे गोड पाणी जातं, अलीकडे सगळे क्षार गोळा झालेलं पाणी उरतं. गावोगावी बसवलेल्या आरओ यंत्रांचं हे उरलेलं पाणी मागच्या नालीत सोडलेलं दिसतं. नालीतून ते परत त्याच जमिनीत मुरतं. याला प्रक्रिया म्हणता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एमालाहलेनी इथे, जुन्या विटबँक कोळसा पट्ट्यात, 2007 साली खाणीचं आम्लधर्मी पाणी शुद्ध करून शहराला पिण्यासाठी देणारा प्रकल्प सुरू झाला. तिथे आरओ एकामागून एक टप्प्यांत लावलं, मधल्या टप्प्यांत जिप्सम साक्याच्या रूपाने वेगळं काढलं आणि त्या जिप्समपासून बांधकामाचं साहित्य केलं. पाण्याचा फार थोडा भाग वाया जातो. तो प्रकल्प महाग आहे, आणि तिथल्या कंपन्यांचा इतिहास काही संतांचा नाही. पण उरलेल्या क्षारांचा विचार आराखड्यातच केला तर काय होतं, हे तिथे दिसतं.

प्रत्येक थेंब पिण्यायोग्य करायचा हट्ट मात्र मी धरणार नाही. पाणी ज्या कामाला जाणार, तेवढंच ते शुद्ध असावं. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र इरई धरणाचं गोड पाणी पितं, आणि शहरही त्याच धरणावर जगतं. 2010 च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा केंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आली होती. केंद्राच्या भोवती खाणी आहेत आणि त्यांच्यातून बारा महिने पाणी उपसलं जातं. राख वाहून नेणं, धूळ दाबणं, कोळसा धुणं, थंड करण्याच्या पाण्यात भर घालणं या कामांसाठी खाणीचं पाणी हवं तेवढं मऊ करून वापरलं, तर धरणातलं तेवढं पाणी माणसांसाठी मोकळं होतं. नागपूरजवळच्या खाणींचं पाणी वीज केंद्राकडे वळवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. हे करारावर आणि दोन अधिकाऱ्यांच्या मैत्रीवर सोडायला नको. खाणीपासून ठराविक अंतरात असलेल्या वीज केंद्राने नदी-धरणाच्या आधी खाणीचंच पाणी घ्यावं, असा नियम हवा.

मग खाण बंद झाली की? आपल्याकडची चर्चा इथे संपते, आणि खरा धोका इथूनच सुरू होतो. पंप थांबला की पाणी चढू लागतं. पोकळ केलेले थर भरतात, उघडा पडलेला पायराइट पाण्याखाली जाण्याआधी शेवटचं आम्ल सोडून जातो, आणि एक दिवस पाणी कुठल्यातरी खालच्या नाल्याला फुटतं. कधी ते दहा वर्षांनी होतं, कधी तीस. तोवर खाणीचं ऑफिस उठलेलं असतं, क्वार्टर ओस पडलेले असतात. वर्धा खोऱ्यातली वरोऱ्याची सरकारी खाण 1906 सालीच बंद पडली, म्हणजे बंद खाणी हा आपल्यासाठी नवा विषय नाही. तरी त्यांच्या पाण्याची कुणी सलग नोंद ठेवून ती गावापुढे मांडल्याचं मी पाहिलेलं नाही.

केंद्राने 2009 मध्ये खाण बंद करण्याचे नियम आणले, ते चांगलं पाऊल होतं. कंपनीने खाण चालू असतानाच एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या, खात्यात पैसे भरत जायचे, असं ठरलं. पण हिशेब कसा केला? खुल्या खाणीला हेक्टरमागे 6 लाख रुपये, भूमिगत खाणीला 1 लाख. दर पुढे वाढले, पण सुरुवातच जमिनीच्या मापाने झाली आहे. भूमिगत खाणीची वरची जमीन कमी बिघडते म्हणून दर कमी, हे जमिनीपुरतं ठीक. पाण्याच्या बाबतीत गणित उलटं असतं. कोळसा काढून पोकळ केलेल्या भूमिगत खाणीत साठलेलं पाणी कुठे निघेल, शेजारच्या चालू खाणीत शिरेल का, किती वर्षं उपसावं लागेल, यातलं काहीही वरच्या हेक्टरवर ठरत नाही. निधीचा एक हिस्सा पाण्याच्या अंदाजावर, म्हणजे किती पाणी, कसलं पाणी आणि किती वर्षं, यावर ठरला पाहिजे.

जर्मनीच्या रूर खोऱ्याकडे पाहिलं की कळतं हा खर्च किती लांबतो. बोट्रॉपची शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली. पण दीडशे-दोनशे वर्षांच्या खोदकामाने जमीन काही भागांत वीस मीटरच्या पुढे खचली आहे, आणि पंप थांबवले तर वस्त्या पाण्याखाली जातील. म्हणून 2007 साली एक प्रतिष्ठान स्थापन करून कोळसा कंपनीची मालमत्ता त्याच्या हाती दिली गेली. तिच्या उत्पन्नातून पाणी उपसण्याचा खर्च भागतो, आणि तो कायमचा आहे असं ते उघडपणे सांगतात. आपल्याला हे असंच्या असं लागू पडणार नाही, रूरमध्ये खाणी फार खोल होत्या आणि वर शहरं होती. पण खाण सुरू असताना, नफा येत असताना बाजूला काढलेला पैसाच नंतर कामी येतो, एवढं आपण त्यांच्याकडून घ्यायला हवं.

पैसा नाही, हे मी मान्य करणार नाही. 2010 साली कोळशावर टनामागे 50 रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. 2014 मध्ये तो 100 झाला, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400. नाव स्वच्छतेचं होतं. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हे 400 रुपये राज्यांची महसुली तूट भरून काढण्याकडे वळले. कोळसा पट्ट्यातल्या गावांना त्यातून पाण्याचा नळ मिळाला नाही. वेकोलि अलीकडे वर्षाला 6 कोटी टनांहून जास्त कोळसा काढते. टनामागे फक्त 10 रुपये पाण्यासाठी बाजूला ठेवले, तर वर्षाला 60 कोटी होतात. एक टन कोळशातून हजार युनिटांच्या वर वीज तयार होते, म्हणजे युनिटमागे एक पैसाही पडत नाही. मुंबई-पुण्यात एसी लावणाऱ्याला हा एक पैसा जाणवणार नाही, आणि जाणवला तरी तो त्यानेच द्यायचा आहे.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसाही आहे. 2015 च्या कायद्याने तो आला, आणि किमान 60 टक्के पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण अशा प्राधान्याच्या कामांवर खर्चायचा असा दंडक होता. पण इथे एक गफलत होते. खाणीने नासवलेल्या पाण्यावर उतारा म्हणून या निधीतून गावात आरओ बसतं, आणि ज्याने ते पाणी नासवलं त्याचा नाल्याच्या तोंडावरचा खर्च वाचतो. प्रतिष्ठानचा पैसा लोकांचा आहे, त्यांच्या जमिनीखालच्या खनिजाचा वाटा आहे. कंपनीच्या कायदेशीर कर्तव्याला तो वापरणं म्हणजे लोकांच्याच खिशातून त्यांना पाणी पाजणं.

कोळसा आता जाणारच आहे, मग एवढी गुंतवणूक कशाला, असं काही सुशिक्षित मित्र म्हणतात. मला वाटतं कोळसा जाणार आहे म्हणूनच घाई आहे. ज्या खाणी पुढच्या वीस-तीस वर्षांत बंद होणार, त्यांच्याकडून पैसा घ्यायची वेळ आजची आहे. आणि कामगारांच्या नोकऱ्यांचा धाक घालणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की वेकोलिचा कामगारही याच पट्ट्यात राहतो, त्याच्या घरातही त्याच बोअरचं पाणी येतं. कंत्राटी कामगाराच्या घरी तर कॉलनीचा फिल्टरही नसतो.

म्हणून मागण्या ठोस हव्यात. प्रत्येक खाणीच्या पाणी सोडण्याच्या जागी सामू आणि गाळाबरोबर एकूण क्षार, सल्फेट, कठीणपणा आणि फ्लोराइड दर आठवड्याला तपासावं. चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांत फ्लोराइड मुळातच जास्त आहे, तिथे तर हे सोडून चालणारच नाही. मंडळाने संमतीपत्र नव्याने देताना क्षारांची मर्यादा सगळ्या खाणींना सारखी लावावी. खाणीच्या भोवतालच्या गावांतल्या विहिरींची पातळी ग्रामपंचायत आणि भूजल सर्वेक्षण यांनी मिळून, वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, नोंदवावी, आणि ती नोंदवही खाण सुरू होण्याच्या आधीच्या वर्षापासून असावी, नाहीतर पाणी कधी उतरलं हे सिद्ध करणं गावाच्या गळ्यात पडतं. नमुना घेताना ग्रामसभेने नेमलेली दोन माणसं हजर असावीत, अर्धी बाटली त्यांच्या ताब्यात द्यावी आणि ती विद्यापीठाच्या किंवा सरकारी प्रयोगशाळेत तपासायचा खर्च कंपनीने करावा. निकाल मराठीत, नाल्याच्या तोंडाशी फलकावर लिहावा. आणि खाणीच्या विस्ताराला मंजुरी मागताना, अलीकडे ज्या जनसुनावणीपासून खाणींना सूट दिली जाते ती पुन्हा घेऊन, हा फलक आणि विहिरींची नोंदवही सुनावणीत सगळ्यांसमोर वाचून दाखवावी. ज्या खाणीचे आधीच्या तीन वर्षांचे आकडे फलकावर लागलेले नसतील, तिच्या विस्ताराचा अर्ज दाखलच करून घेऊ नये.